उंबरठ्यावरचं सूत्र

त्या मावशींनी माझ्या टेबलावर दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तळहातानं दाबून सपाट केल्या. दूध संकलन केंद्रावर छापून मिळतात तशा, तीन बोटं रुंदीच्या, घडीवर अक्षरं उडालेल्या. दोन्हींवर दूध सहा लिटर, फॅट ३.५, एसएनएफ ८.२. तारखांमध्ये चार दिवसांचं अंतर होतं आणि दरात दीड रुपयाचं.

“मॅडम, गाय तीच, मशीन त्येच, फळ्यावरचा भाव बी त्योच,” त्या म्हणाल्या. “मग मधी हात कुणी लावला?”

बारामतीतल्या एका दूध संस्थेच्या कचेरीत मी बसले होते. संस्थेचं सॉफ्टवेअर माझ्या हातचं. त्यामुळे प्रश्न योग्य ठिकाणी आला होता. उत्तर सापडायला चार दिवस लागले. पण त्या उत्तरातून जो दुसरा प्रश्न निघाला, तो आजतागायत माझ्याबरोबर आहे: लिहून ठेवलेल्या शब्दाला माणसावर चालण्याचा हक्क कुठून मिळतो?

आधी त्या दीड रुपयाची गोष्ट. गाईच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. एसएनएफ म्हणजे फॅट वजा जाता दुधात उरणारे घन पदार्थ. ०.१ चा फरक म्हणजे एक पॉइंट. पॉइंट चढला की भाव चढतो, उतरला की कपात. मावशींचं दूध एसएनएफला तीन पॉइंट कमी लागलं होतं. पॉइंटला किती कापायचं ते संस्थेचं संचालक मंडळ ठरवतं, आणि पावडर-लोण्याचा बाजार हलला की ते बदलतं. कधी नुसता आकडा बदलतो, कधी हिशोबाची रीतच बदलते: अमुक एसएनएफच्या खाली वेगळी कपात, तमुक फॅटच्या वर जादा भाव.

सुरुवातीला अशा प्रत्येक बदलाला मला बोलावलं जायचं. मी प्रोग्राम उघडायचे, दोन ओळी बदलायचे, पुन्हा बसवून द्यायचे. पावसाळ्यात एकदा निमगाव केतकीहून बारामतीला पोहोचायला मला उशीर झाला आणि एक अख्खा दिवस दूध जुन्या भावानं गेलं. तेव्हा मी ठरवलं, हिशोबाचं सूत्रच डेटाबेसमध्ये ठेवायचं. सभासदांची नावं जशी एका टेबलात, लिटर जसे दुसऱ्या टेबलात, तसं सूत्र तिसऱ्या टेबलाच्या एका ओळीत, साधा मजकूर म्हणून. रात्री बारा वाजता प्रोग्राम ती ओळ उचलायचा, डेटाबेसला म्हणायचा, “यात जे लिहिलंय ते चालव,” आणि तयार झालेलं दरपत्रक गावोगावच्या केंद्रांवर पाठवायचा. सूत्र बदलायचं तर कचेरीतला ऑपरेटर ती ओळ बदलणार. माझी गरज नाही. सगळ्यांना सोय झाली, आणि मला माझ्या कामाचं समाधान वाटलं.

त्या एका ओळीत मी काय करून ठेवलं होतं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. सभासदाचं नाव कुणी चुकीचं लिहिलं तर नाव चुकतं, एवढंच. ते नाव उठून काही करायला जात नाही. पण सूत्राच्या ओळीतलं अक्षर उठतं, चालतं, हजारो पावत्यांवर जाऊन बसतं. टेबल दोन्हीकडे सारखंच दिसतं. पडद्यावर दोन्ही मजकूर काळ्या अक्षरांत शांत पडलेले असतात. यंत्राच्या लेखीही त्यांत जातीचा फरक नाही. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या यंत्राचा आराखडा मांडला, त्यात आकडे आणि आज्ञा एकाच स्मृतीत ठेवायच्या, असं धरलेलं होतं. आजच्या संगणकाचं सगळं सामर्थ्य त्या निर्णयातून आलं. एकच यंत्र सकाळी दुधाचा हिशोब करतं आणि संध्याकाळी भजन ऐकवतं ते म्हणून. संकटही तिथूनच आलं. वेबसाइटवर नाव लिहायच्या चौकटीत कुणी नावाऐवजी अवतरणचिन्ह टाकून पुढे डेटाबेसची आज्ञा लिहिली, आणि प्रोग्राम गाफील असला, तर यंत्र ती आज्ञा मुकाट पाळतं. १९९८ साली ही युक्ती जाहीरपणे छापून आली. तेव्हापासून आजवर ती जगभर वापरली जाते आहे. नाव सांगायच्या जागी कुणी हुकूम सोडतो आणि ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

आमच्या संस्थेत असा कुणी घुसखोर आला नव्हता. तरी संशय लगेच एका माणसावर गेला. जूनमध्ये संचालक मंडळानं एसएनएफची कपात पॉइंटला एक रुपयावरून पन्नास पैशांवर आणली होती. ती सूत्रात लिहिली होती आमच्या ऑपरेटरनं, मी फोनवर सांगितलं तसं. चोविशीतला मुलगा. त्या पडद्यावर कसं जायचं हे कचेरीत त्यालाच माहीत. आता सूत्र उघडून पाहिलं तर त्यात पुन्हा एक रुपया. तीन पॉइंटला दीड रुपयाचा फरक तिथलाच. मावशींच्या रोजच्या, दोन वेळच्या मिळून बारा लिटरला अठरा रुपये, दहा दिवसांच्या बिलात एकशे ऐंशी. सगळ्या गावांचं मिळून मोठी रक्कम. मुलाला सांगण्यात आलं, चौकशी होईपर्यंत घरी थांब. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील फाटकापाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे होते. मी खिडकीतून त्यांना बघत होते आणि मला ठाऊक होतं की डेटाबेसमध्ये या मुलाच्या बाजूनं किंवा विरुद्ध एक अक्षरही नाही. सगळी कचेरी एकाच नावानं आत शिरायची. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवायची व्यवस्था मी केलीच नव्हती.

चौथ्या रात्री कारण सापडलं. काही दिवसांपूर्वी सर्व्हरची डिस्क गेली होती आणि आम्ही बॅकअपमधून सगळं परत बसवलं होतं. रोजच्या दुधाच्या नोंदी आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून आल्या. क्वचित बदलणारी टेबलं मार्चअखेरच्या बॅकअपमधून आली, कारण त्यांचा बॅकअप आम्ही वर्षातून एकदाच घ्यायचो. सूत्राचं टेबल त्यांतच होतं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर जसं जलाशयातून वर येतं, तसं मार्चमधलं सूत्र वर आलं आणि रात्री बारा वाजता कामाला लागलं. कुणीही हात लावला नव्हता.

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि दोष माझा आहे हेही सांगितलं. शेतकऱ्यांना फरक मिळाला, मुलगा कामावर परत आला. पण पुढे कित्येक महिने तो त्या पडद्यासमोर एकटा बसला नाही. कुणाला तरी शेजारी उभं करूनच बसायचा.

आम्ही तपासण्यात कसूर केली होती असंही नाही. बॅकअप बसवल्यावर डेटा तपासला: सभासद, लिटर, रक्कम. सूत्र तपासलं नाही, कारण आमच्या मनात तो डेटा नव्हता. प्रोग्रामही तपासला. तेव्हाही सूत्र राहिलं, कारण ते प्रोग्राममध्ये नव्हतं. ते घरातही नव्हतं आणि घराबाहेरही नव्हतं.

हे शब्द मनात आले आणि मी लहानपणीच्या नीरा नरसिंहपूरला जाऊन पोहोचले. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा भीमेला मिळते, त्या संगमावरचं हे देऊळ. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांचं कुलदैवत तिथे आहे. मूर्ती वाळूची, आणि ती प्रल्हादानं केली अशी श्रद्धा आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला आजोबा मला तिथे न्यायचे आणि वाटेत दरवर्षी तीच कथा सांगायचे. हिरण्यकशिपूनं वर मागितला: मरण माणसाकडून नको, जनावराकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्रानं नको. एवढं सगळं मिळालं आणि नरसिंह आला सांजवेळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी. लहानपणी मला ही देवाची हुशारी वाटायची. त्या चौथ्या रात्रीनंतर मी ती कथा हिरण्यकशिपूच्या बाजूनं वाचू लागले. त्यानं नकोची यादी केली होती. आम्ही प्रोग्रामरही तेच करतो. हे चिन्ह नको, तो शब्द नको, पुसण्याची आज्ञा नको. हल्ला करणारा तोच शब्द वेगळ्या अक्षरवळणात, वेगळ्या सांकेतिक रूपात पाठवतो आणि यादी बघत राहते. नकोची यादी कितीही लांब केली तरी तिच्या दोन नोंदींमध्ये कुठे तरी उंबरठा राहतोच.

पण आजोबा कथा तिथे संपवत नसत. ते म्हणायचे, नरसिंह कुणासाठी आला ते विसरू नको. दरबारात ज्याचं काही चालत नव्हतं अशा एका पोरासाठी आला. फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभे असलेले ते वडील मला अजून दिसतात, आणि आजोबांचं हे वाक्य त्यांच्याबरोबरच आठवतं.

आता मूळ प्रश्न. शब्द कुणाच्या बळावर मानायचा? आपल्याकडे यावर शतकानुशतकं वाद झाला आहे, आणि माझ्या कामाला त्याचा जितका उपयोग झाला तितका क्वचितच एखाद्या तांत्रिक पुस्तकाचा झाला. मीमांसकांनी वेदातल्या वाक्यांची वर्गवारी केली. जे वाक्य करायला लावतं तो विधी. जे वर्णन करतं, स्तुती करतं, तो अर्थवाद. वायू ही चपळ देवता आहे, हा अर्थवाद. वायूला हवि द्यावा, हा विधी. दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच भाषेत, शेजारी शेजारी, आणि कोणतं कोणतं ते नेमकं ओळखता यावं म्हणून जैमिनींची सूत्रं आणि त्यांवरचं शबरांचं भाष्य एवढा खटाटोप करतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला माझी टेबलं आठवली. सभासदाचं नाव हा अर्थवाद. सूत्र हा विधी. आणि मी दोन्ही एका रांगेत बसवून भेद पुसून टाकला होता.

मीमांसक याच्याही पुढे जातात. वेदाची आज्ञा का मानायची? कारण ती अपौरुषेय आहे. कुणी माणसानं ती केलेली नाही, म्हणून माणसाचा लोभ, भ्रम, कपट तिच्यात शिरू शकत नाही. या युक्तिवादाला मोठी उंची आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्या टेबलावरचं यंत्र प्रत्येक मजकुराला अपौरुषेय मानतं. कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आज लिहिलं की मार्चमध्ये, काही विचारत नाही. ओळीत आहे ना, मग पाळायचं. वेदाच्या बाबतीत जी गोष्ट विश्वासाचं कारण ठरली, तीच दुधाच्या सूत्राच्या बाबतीत धोक्याचं कारण ठरते, कारण माझं सूत्र माणसानंच लिहिलेलं आहे.

नैयायिकांनी दुसरी वाट धरली. शब्द प्रमाण असतो तो बोलणारा आप्त असतो म्हणून, असं ते म्हणतात. आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. शब्दामागे उभा राहणारा माणूस दिसला पाहिजे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात केन थॉम्प्सन या थोर प्रोग्रामरनं दाखवून दिलं की प्रोग्रामचा मजकूर कितीही निर्मळ दिसला, तरी तो मजकूर यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनातच चोरवाट ठेवता येते, आणि मजकूर वाचून ती कधीच सापडत नाही. शेवटी विश्वास टाकावा लागतो तो लिहिणाऱ्या माणसावर. अमेरिकेतल्या त्या प्रोग्रामरचं म्हणणं आणि आपल्या न्यायशास्त्राचं म्हणणं इथे मला एकाच दिशेनं जाताना दिसतं.

मग कर्ता कोण, हेही विचारावं लागतं. डेटाबेसमध्ये साठवलेला प्रोग्राम चालतो तेव्हा तो कुणाच्या हक्कानं चालतो? ओरॅकलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर तो लिहिणाऱ्याच्या हक्कानं चालतो. पोस्टग्रेसमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर बोलावणाऱ्याच्या. पहिल्या रीतीत शिपायानं बटण दाबलं तरी हुकूम मालकाचा होतो. आमच्या प्रकरणात सूत्राचे शब्द मार्चमधल्या मंडळाचे, ते चालवायची योजना माझी, बॅकअप बसवणारे हात दुसऱ्याचे, आणि संशय त्या मुलावर. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. आम्ही एकटा शोधत होतो.

इथे माझ्या मनात एक हरकत उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणं मला शक्य नाही. चालणारा शब्द कुणी लिहायचा यावर पहारा हवा, असं मी म्हणते आहे. म्हणजे अधिकार ठरवायचा. आणि अधिकार या शब्दानं या मातीत काय काय केलं आहे ते मला माहीत आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत आमच्या निमगावावरून इंदापूरला जाते आणि सराटीला नीरास्नान करून पुढे सरकते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होतं. आजोबा वीणा घेऊन उभे असायचे. ज्यांच्या पादुकांपुढे अख्खा तालुका वाकतो, त्यांना एकदा सांगितलं गेलं होतं की तुला लिहायचा अधिकार नाही. परंपरा सांगते, रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. ती कथा ऐकत वाढलेली मी, आणि मीच आता म्हणायचं की अमक्यानं लिहू नये?

बरेच दिवस मी या पेचात होते. वाट सापडली ती न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात. आप्ताचं लक्षण सांगून झाल्यावर ते म्हणतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू आहे. मी तो भाग दोनदा वाचला. इथे अधिकार जन्मानं मिळत नाही. जाणणं, प्रामाणिकपणे सांगणं आणि आपल्या शब्दामागे उभं राहणं यांतून तो मिळतो, आणि ते कुणालाही साधू शकतं. चोविशीतल्या त्या ऑपरेटरलाही. उलट आमच्या व्यवस्थेनं त्याच्यावर अन्याय केला तो असा, की त्याला लिहायला लावलं आणि त्याच्या शब्दावर त्याचं नाव ठेवलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. वह्या बुडवायला लावणाऱ्यांचा पहारा दोन्हीकडे होता: लिहिण्यावर आणि वाचण्या-ऐकण्यावर. संतांनी जे केलं ते मुख्यतः या दुसऱ्या पहाऱ्याविरुद्ध होतं असं मला वाटतं. जो शब्द लोकांचं जगणं बांधत होता, तो लोकांना कळेल अशा भाषेत आणला. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. ज्यांच्यावर शब्द चालतो त्यांना तो वाचता आला पाहिजे, ही मला त्या सगळ्या परंपरेची मागणी वाटते. माझं सूत्र हजारो घरांच्या चुलीवर चालत होतं आणि त्या घरांतल्या एकालाही ते दिसत नव्हतं. मावशींच्या हाती फक्त पावती होती, म्हणून तेवढंच सापडलं.

त्यानंतर आम्ही सगळं नव्यानं बांधलं. सूत्र डेटाबेसमध्येच राहिलं, पण डेटाबेसला “चालव” म्हणणं आम्ही कायमचं बंद केलं. सूत्रासाठी एक छोटी भाषा केली. तीत आकडे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तुलना आणि कंस. नावं चारच: मूळ दर, फॅट, एसएनएफ, लिटर. यापलीकडचं अक्षर आलं की सूत्र नाकारलं जातं. नकोची यादी गेली, हवंची यादी आली. माझ्या एका सहकाऱ्याला वाटलं, एवढ्याशा भाषेत संस्थेचे सगळे नियम बसायचे नाहीत. मी त्याला मोरोपंतांची आठवण करून दिली. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले हे कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले आणि कऱ्हेकाठी त्यांनी अपार रचना केली. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे: ओठ जुळवून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरं वगळून रचलेलं. म वर्ज्य म्हणजे ‘राम’ हा शब्दच लिहिता येत नाही, तरी रामकथा पूर्ण सांगून होते. बंधन नीट आखलं तर भाषा अपुरी पडत नाही. आमचेही सगळे नियम त्या चार नावांत बसले.

पुढची कामं साधी होती, पण त्यांना वेळ लागला. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. बिल करणारा प्रोग्राम ज्या खात्यानं आत जातो, त्याला सूत्र वाचता येतं, बदलता येत नाही. सूत्र लिहितो एक, मंजूर करतो दुसरा, दोघांची नावं कायम राहतात. जुनं सूत्र पुसत नाही, त्याखाली नवं लिहितो. मंजूर सूत्रावर एक डिजिटल शिक्का बसतो. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर शिक्का जुळत नाही आणि दरपत्रक निघायचं थांबतं.

शिक्क्यानंही माझं समाधान पुरतं झालं नाही. मार्चमधलं सूत्र खोटं नव्हतं. मंडळानं मंजूर केलेलं, योग्य माणसानं लिहिलेलं, त्या वेळी खरं. शिक्का मारलेला असता तर तो जुळलाच असता. आप्ताचा शब्दही त्याच्या काळाला बांधलेला असतो. वेळ टळून गेल्यावर तोच शब्द तंतोतंत चालवला तर अन्याय होतो, आणि हे धर्मग्रंथांनाही लागू आहे असं मला वाटतं. म्हणून आज कोणतं सूत्र लागू आहे याची नोंद डेटाबेसच्या बाहेर, मंडळाच्या वहीत, सहीसकट ठेवतो. बॅकअप बसवला की आधी वही उघडायची, मग सर्व्हर. आणि प्रत्येक केंद्राच्या फळ्यावर, मूळ भावाखाली, सूत्र साध्या मराठीत लिहायचं: एसएनएफ ८.५ च्या खाली दर पॉइंटला पन्नास पैसे कमी. पावतीवर शेवटी एक ओळ वाढवली: सूत्र क्रमांक आणि लागू झाल्याची तारीख.

काही आठवड्यांनी मी मावशींच्या गावच्या केंद्रावर गेले होते. फळ्यावरचं अक्षर ऑपरेटरचं होतं. ते काम त्यानं मागून घेतलं होतं आणि गावोगाव जाऊन स्वतः लिहिलं होतं, खाली सूत्र क्रमांक ७, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव. सकाळचं दूध घालून मावशी थांबल्या, पावती डोळ्यांजवळ नेली.

“ह्ये खाली सात म्हंजी काय?”

मी सांगितलं. मार्चचं ते सहा, आत्ताचं सात. फळ्यावरही सात आहे.

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, परत पावतीकडे पाहिलं. “म्हंजी उद्या हितं सहा आलं, तर म्या इचारायचं.”

“हो मावशी,” मी म्हणाले. “तुम्ही विचारायचं.”

पावतीची घडी घालून त्यांनी ती कनवटीला लावली आणि रिकामी किटली घेऊन त्या पायऱ्या उतरल्या.